नात्याचा रकाना

“अवधूत, तुझ्या रक्तात उरूस भरलाय काय?”

शकीलभाई मुजावर यंत्राच्या पडद्यासमोर बसले होते. मी त्यांच्या खुर्चीमागे जाऊन वाकून पाहिलं. पडद्यावरच्या बहुतेक रेघा तळाशी आडव्या पडून होत्या. काही अगदी शेवटी जराशी मान वर काढत होत्या. दोनच रेघा अर्ध्या वाटेतच उठून सरळ वर गेल्या होत्या. एक प्लेटमधल्या शेवटच्या खान्याची, ती उठायलाच हवी होती; दुसरी पहिल्या खान्याची, आणि पहिल्या खान्यात माझं रक्त होतं.

“खात्रीचा नमुना तिथं पडला असेल,” मी म्हणालो. “खाने उलटसुलट झाले असतील.”

“खात्रीचा शेवटच्या खान्यात आहे. तो काय, तिथंच आहे.” शकीलभाईंनी पेनच्या टोपणानं दाखवलं. “हा तुझाच. मॅडम यायच्या आत चहा पिऊन घे. नंतर गोड लागायचा नाही.”

याला आता बारा-तेरा वर्षं झाली. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून मी नुकताच मिरजेतल्या एका वैद्यकीय संस्थेत प्रकल्प सहायक म्हणून लागलो होतो. ठणठणीत माणसांपैकी किती जणांच्या रक्तात हर्पीस घराण्यातले विषाणू दडून बसलेत, ते मोजायचं काम होतं. कांजिण्यांचा विषाणू याच घराण्यातला. आम्ही मागावर होतो तो त्याचा भाऊबंद, सहाव्या क्रमांकाचा. तान्ह्या मुलाला तीन-चार दिवस ताप येतो, ताप उतरताना अंगावर बारीक पुरळ उठतं, घरचे घाबरतात आणि तोवर पोर खेळायलाही लागतं. पोर बरं होतं, पण विषाणू जात नाही. रक्तातल्या मोजक्या पेशींत जन्मभर झोपून राहतो. म्हणून निरोगी माणसाच्या एका मिलिलिटर रक्तात तो सापडलाच तर पाच-पन्नास, फार तर काहीशे. माझ्या रक्तात तो एकोणसाठ लाख निघाला होता.

माझं रक्त तिथं कसं, तर तो मॅडमचा दंडक होता. डॉ. कुंदा हिर्लेकर मॅडमच्या प्रयोगशाळेत दुसऱ्याच्या दंडाला सुई लावण्याआधी आपला दंड पुढं करायचा. आणि नव्या माणसाच्या पहिल्या प्लेटमध्ये पहिला खाना त्याच्या स्वतःच्या रक्ताचा. त्याला तिथं ‘घरचा नमुना’ म्हणत. शकीलभाईंचा कधीकाळी कोरा निघाला होता, मॅडमच्या स्वतःच्या रक्तात बावीस निघाले होते.

मॅडम आल्या, पडदा पाहिला, चष्मा काढून पुसला.

“खात्रीच्या नमुन्याची बाटली आणि तुझी नळी एकाच वेळी उघडी होती का?”

“नाही, मॅडम.”

“पिपेटचं टोक बदललं होतंस?”

“प्रत्येक वेळी.”

“मग उद्या परत लाव.”

मॅडमची शंका रास्त होती. खात्रीच्या नमुन्यात विषाणूचा डीएनए मुद्दाम घातलेला असतो, यंत्र चालतंय की नाही ते कळायला. त्यातला डोळ्यांना न दिसणारा तुषार दुसऱ्या नळीत उडाला तरी ती नळी विषाणूंनी भरल्यासारखी दिसते. आमच्या धंद्यात याहून मोठी नाचक्की नाही. शिवाय मागच्या तीन महिन्यांत एकशे बारा माणसांचं रक्त मी गोळा केलं होतं, आणि त्या सगळ्यांतला डीएनए मी माझ्या हातानं वेगळा करून गोठवून ठेवला होता. माझा हात अस्वच्छ ठरला तर ती एकशे बारा माणसं फुकट दंड टोचून घेऊन गेली, असं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी बासष्ट लाख. तिसऱ्या दिवशी शकीलभाईंनी नव्यानं रक्त काढलं, पुढचं सगळं मी केलं. साठ लाख.

“अवधूत,” मॅडम आवाज न चढवता म्हणाल्या, “सोमवारपासून पिपेटला हात लावू नकोस. ते एकशे बारा नमुने टाकायचे की ठेवायचे, ते महिनाअखेरीला ठरवू. तुझ्या नेमणुकीचंही तेव्हाच.”

शकीलभाई नळ्या पुसत होते. पुसून झालेली नळीच त्यांनी परत पुसायला घेतली.

त्या आठवड्यात मी फक्त अर्ज फायलीत लावले. हाताला काम नव्हतं, म्हणून डोक्यानं घेतलं. एकोणसाठ, बासष्ट, साठ. तुषार उडून नळी खराब होत असेल तर तो रोज मोजून कसा उडेल? मी माझा रक्ततपासणीचा जुना कागद काढला. पांढऱ्या पेशी एका मिलिलिटरला एकसष्ट लाख. मी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. एका पेशीमागे एक विषाणू. कमी नाही, जास्त नाही.

ग्रंथालयात दोन दिवस घालवल्यावर कळलं की अशी माणसं असतात. शंभरात एखादं. त्यांना हा विषाणू बाहेरून लागलेला नसतो. फार मागं केव्हातरी तो कुणा पूर्वजाच्या गुणसूत्राच्या टोकाला जाऊन चिकटला आणि तेव्हापासून आईकडून किंवा बापाकडून मुलाकडे उतरत आला. अशा माणसाच्या प्रत्येक पेशीत तो असतो. केसाच्या मुळात, नखात, सगळीकडे.

मॅडमनी माझे आकडे पाहिले. “आकडे जुळवले की जुळतात,” त्या म्हणाल्या. पण कागद त्यांनी परत दिला नाही. “वारशानं आलं असेल तर आई नाहीतर वडील, कुणा एकात असायलाच हवं. दोघांना बोलाव. रक्त शकील काढेल, प्लेट शकील लावेल. तू त्या खोलीच्या आसपास दिसायचं नाहीस. दोघांपैकी एकात निघालं तर तुझा हात स्वच्छ.”

“हो, मॅडम,” मी म्हणालो.

माझी आई मी दीड वर्षाचा असताना गेली, हे मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नव्हतं, आणि बाबांच्या रक्तात निघालं तर सांगायची गरजही नव्हती. घरी, तासगावात, बाबा होते आणि मावशी होती. आई गेल्यावर वर्षभरात आजोबांनी तिच्या पाठच्या बहिणीचं, शालनमावशीचं, बाबांशी लग्न लावून दिलं. मी तिला मावशीच म्हणायचो. तिला स्वतःचं मूल झालं नाही. झालं नाही की होऊ दिलं नाही, ते मी कधी विचारलं नव्हतं.

मी फोनवर फक्त बाबांना या म्हटलं. बुधवारी फाटकाशी गेलो तर रिक्षातून दोघं उतरली.

“तू कशाला दगदग केलीस?” मी मावशीला विचारलं.

“यांना एकटं कसं सोडू? अंगणवाडीला सुट्टी टाकली आज.” तिनं बाबांची पिशवी काढून घेतली. “तीस वर्षं शिंपीकाम केलंय, सगळा दिवस सुईशी. पण स्वतःला टोचायची म्हटल्यावर सकाळपासनं तोंडात घास नाही.”

“मी घाबरलो नाही,” बाबा म्हणाले. “मला भूक नव्हती.”

“दोन खेपेला बस चुकवली यांनी. मुद्दाम.”

शकीलभाई दारातच उभे होते. “या, या. आई-वडील दोघं आले, झकास झालं. अवधूत, तू चल तिकडं लांब. मॅडम खिडकीतनं बघतायत.”

मी कँटीनमागच्या बाकावर जाऊन बसलो. अर्ध्या तासानं दोघं बाहेर आली. बाबांच्या दंडाला कापूस होता आणि चेहऱ्यावर मोठी मोहीम फत्ते केल्याचा भाव. मावशीच्या दंडावर पदर होता, तो मी उचलून पाहिला नाही. तिनं डब्यातली थालीपीठं काढली, एक शकीलभाईंसाठी बाजूला ठेवलं, आणि साडेतीनच्या बसनं दोघं गेली.

शुक्रवारी मॅडमनी बोलावलं. टेबलावर प्लेटचा कागद होता, आणि कागदावर पिपेट.

“घे,” त्या म्हणाल्या. “सोमवारी कामाला लाग. वडील कोरे आहेत. पण आईच्या रक्तात चोपन्न लाख, आणि पांढऱ्या पेशी पंचावन्न. पेशीमागे एक. अगदी तुझ्यासारखं.”

“आईच्या?”

“मी तुझ्यावर उगाच शंका घेतली, असं मी म्हणणार नाही. शंका घेणं माझं कामच आहे. पण मला आनंद झालाय, हे सांगते.” त्या हसल्या. तीन महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहत होतो. “आईकडून मुलाकडे. आपल्याकडं असं नोंदलेलं मी तरी वाचलं नाही. हे फायलीला लाव.”

त्यांनी दोन संमतिपत्रं पुढं सरकवली. दुसऱ्यावरचं अक्षर मी झोपेतही ओळखलं असतं. अंगणवाडीच्या वजनांच्या वहीतलं, एकसारखं, प्रत्येक अक्षराला पुरती वेलांटी देणारं. नाव, शालन दत्तात्रय शिंत्रे. वय, सेहेचाळीस. नमुना क्रमांक १ शी, म्हणजे माझ्याशी, नाते: आई.

मी कागद फायलीला लावला.

शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी मी पिपेट हातात घेतलं, दहा नमुने लावले. सगळे व्यवस्थित. शकीलभाई म्हणाले, “बघ, उरूस उठला.” मी हसलो. मला दोन गोष्टींची भीती वाटत होती. एक म्हणजे, मावशी माझी आई नाही म्हटल्यावर पुरावाच उरत नाही, मॅडम परत म्हणतील हात दाखव. त्या भीतीवर मी स्वतःच उत्तर शोधून काढलं होतं. सख्ख्या बहिणी होत्या त्या. एकाच आई-बापाच्या. मावशीत आहे, माझ्यात आहे, बाबांत नाही, म्हणजे ते माझ्या आईतून आलं आणि दोघी बहिणींना त्याच घरातून मिळालं. हिशेब पक्का होता. दुसऱ्या भीतीवर उत्तर नव्हतं. कागद दुरुस्त करायचा म्हणजे तो शब्द काढायचा.

आणि न काढला तर कुणाला कळणारही नव्हतं.

मंगळवारी सकाळी मॅडमच्या खोलीत गेलो आणि उभ्यानंच सगळं सांगितलं.

“शुक्रवारी का नाही सांगितलंस?”

“धीर झाला नाही.”

“मला सांगायचा?”

“नाही. तिला सांगायचा.”

त्यांनी पेन उचललं, परत ठेवलं. “सख्ख्या बहिणी? नक्की?”

“हो, मॅडम.”

“मग निष्कर्ष जात नाही. एक पिढी मागं सरकतो, इतकंच. हात तुझा स्वच्छच आहे.” मग त्या म्हणाल्या, “पण त्या रकान्यात ‘आई’ राहिलं तर उद्या कुणीतरी त्यावर विसंबून काहीतरी लिहील, आणि ते खोटं असेल. ज्यानं लिहिलं त्यानंच दुरुस्त करायचं, हे तुला माहीत आहे. तू नाही, मी नाही.”

“नवीन फॉर्म भरून घेतला तर? हा काढून टाकू.”

“अवधूत.”

“हो, मॅडम.”

रविवारी तासगावला गेलो. बाबा शेजारच्या लग्नाला गेले होते. मावशी दारातल्या उजेडात बसून बाबांनी शिवलेल्या शर्टांना बटणं लावत होती. मला बघून उठायला लागली.

“बस. मी चहा पिऊन आलोय.”

“कुठं?”

“स्टँडवर.”

“स्टँडवरचा चहा पितोस, आणि घरी येऊन बस म्हणतोस.” तिनं दोरा दातांनी तोडला. “काम गेलं का तुझं?”

“नाही. काम राहिलं. तुझ्यामुळं राहिलं.”

मी पायरीवर बसलो आणि तिला सांगितलं. जेवढं सोपं करता आलं तेवढं केलं. तिनं बटण लावता लावता ऐकलं.

“म्हणजे मला रोग आहे?”

“रोग नाही. झोपलेलं असतं ते. तुला काही होत नाही, मलाही नाही.”

“आणि तुझ्या बाबांना नाही.”

“नाही.”

“मग तुला कुठनं आलं?”

“आईकडून.”

सुई थांबली. “सिंधाक्काकडनं? तिचं तर तपासायला काही राहिलं नाही, अवधू. कशावरनं सांगतोस?”

“माझ्यावरून. आणि तुझ्यावरून. तुम्हा दोघींना ते तुमच्या आईकडून नाहीतर वडिलांकडून मिळालं. तिच्यात नसतं तर माझ्यात आलंच नसतं.”

तिनं शर्ट मांडीवर ठेवला. एक सायकलवाला तिला हाक मारून गेला, तिचं लक्ष नव्हतं.

“आम्ही दोघी अजिबात सारख्या नव्हतो,” ती म्हणाली. “ती उंच, मी ही अशी. ती गायची, मला तर आरती धड म्हणता येत नाही. लोक म्हणायचे, या सख्ख्या बहिणी वाटत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा तुझी आजी पण म्हणाली, हिच्यात तिचं काहीच नाही. चांगल्या मनानंच म्हणाली ती, पण म्हणाली.” तिनं स्वतःच्या दंडाकडे पाहिलं, जिथं सुई टोचली होती तिथं. “किती असतं म्हणालास?”

“प्रत्येक पेशीत एक.”

“सगळ्या अंगात?”

“सगळ्या.”

“तुझ्या पण?”

“माझ्या पण.”

ती मान हलवत राहिली. मग एकदम म्हणाली, “मला वाटलं होतं तू त्या कागदासाठी आलायस.”

मी पिशवी जवळ ओढली.

“तुझ्या त्या शकीलभाईंनी विचारलं, तुम्ही आई ना? मी हो म्हटलं. शाळेत वीस वेळा तेच लिहिलंय, सहलीच्या कागदावर, परीक्षेच्या कागदावर. हात तसाच गेला.” तिनं सुई कापडात खोचली. “नाही, असंच नाही. लिहिताना मला ठाऊक होतं. वाटलं, रक्ताचा कागद आहे, कोण वाचतंय. लिहू दे एकदा.”

“मावशी…”

“आण इकडं. चुकीचं आहे ते. माझ्या वहीत कुणी पोराच्या आईचं नाव चुकवलं तर मी तालुक्याला परत धाडते.”

मी पिशवीतून फाइल काढली. तिनं चष्मा लावला, गुडघ्यावर पाट घेतला, त्यावर कागद ठेवला.

“तुला मावशी म्हणायला मीच शिकवलं,” ती कागदाकडे बघत म्हणाली. “तू बोलायला लागलास तेव्हा मलाच आई म्हणायचास. मी तुझं तोंड धरून म्हणायचे, आई ती, फोटोतली. मी मावशी. म्हटलं, मी पण आई झाले तर तिला कुणी म्हणायचं? एवढं एकच पोर तिचं.” पेनचं टोपण तिनं मागं लावलं. “तू दोन महिने रडलास. मग शिकलास. हुशारच होतास. सांग, कसं खोडू? गिरवून काळं करू?”

“नाही. तसं चालत नाही. एकच आडवी रेघ मारायची. बाजूला बरोबर ते लिहायचं, सही आणि तारीख.”

“मग खालचं दिसेल की.”

“दिसलंच पाहिजे. आधी काय लिहिलं होतं ते वाचता आलं पाहिजे. नियमच आहे तसा.”

“हे बरं आहे तुमचं,” ती म्हणाली.

तिनं पेन टेकवलं. रेघ इतकी हलकी मारली की मध्ये एका जागी शाई उठलीच नाही. तिनं तिथं परत पेन फिरवलं नाही. शेजारी लिहिलं, ‘आईची सख्खी बहीण’. सही केली. तारीख विचारली आणि लिहिली. मग कागद हातभर लांब धरून पाहिला आणि माझ्याकडे दिला.

“बघ. खालचं वाचता येतंय का?”

मी कागद उजेडाकडे केला. वाचता येत होतं. न वाचताही मला ठाऊक होतं तिथं काय आहे. तरी मी वाचलं, मोठ्यानं.

“आई.”

ती सुईत दोरा ओवत होती. मान वर न करता तिनं ओ दिली.